वर नाव माझं होतं

५ मार्च

चिंगे,

आशीर्वाद आधी घेऊन टाक, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जातील आणि तुला वाटेल आजी रागावली.

तुझा बाप विचारतो, फोन असताना पत्रं कसली लिहितेस? त्याला म्हटलं, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते, मग घरात भांडणं होतात. पत्र बरं. तिसरीपर्यंत शिकले ती काही फुकट घालवायला नाही.

तर आनंदाची बातमी. काल मला मोबाइलवर पत्र आलं! कानाच्या मशीनच्या दुकानाकडून. तू मागे लागून घ्यायला लावलंस ना, तेच मशीन. वर माझं नाव. नुसतं नाव नाही हो, मधे तुझ्या आजोबांचं, शेवटी आडनाव, सगळं मानाने. दवाखान्यात मला 'पुढचा पेशंट' म्हणतात, बाटल्यांच्या कारखान्यात होते तेव्हा 'तिसऱ्या पट्ट्यावरची' म्हणायचे, आणि इथे बघ! खाली लिहिलेलं, 'तुमच्या उजव्या कानाचं मशीन आता दोन महिन्यांचं झालं. कसं चाललंय?' अगं, तान्ह्या बाळाची चौकशी करावी तशी! मला तर भरूनच आलं. कोण पोरगी असेल ती, इतक्या लोकांचे डावे-उजवे कान लक्षात ठेवते. तिचं भलं होवो.

मग ओळीने पाच तोंडं होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सगळ्यात हसऱ्यावर बोट ठेवलं. शेवटी एक रिकामा चौकोन, 'आणखी काही सांगायचं आहे का?' मला असं विचारणं म्हणजे धरण फोडणंच की. मी लिहिलं, मशीन उत्तम आहे, सून स्वयंपाकघरात पुटपुटते तेही ऐकू येतं. तुम्ही चहा वेळेवर घेता ना?

आमच्या इमारतीखालच्या बाकावरच्या मंडळींना मात्र असं पत्र आलेलं नाही. मशीनवाल्याने खाली हॉलमध्ये टेबल मांडलं तेव्हा आम्ही चौघांनी एकदमच मशीनं घेतली होती. मी, शिवणवाली, पोस्टवाली आणि चित्रकलेचे मास्तर. पण त्या तिघांनी दुकानात आपल्या मुलाबाळांचे नंबर दिले. म्हणून राहिले बिचारे. उद्या दाखवीन त्यांना. असं चांगलं पत्र एकटीने खाऊ नये.

तू जेवतेस ना नीट? तुझ्या मागच्या पत्रात जेवणाचा उल्लेख नाही.

तुझी आजी


१४ मार्च

आजी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. ती भली पोरगी मीच आहे गं. म्हणजे खरं तर मीसुद्धा नाही.

आमची कंपनी दुकानांसाठी असे सर्व्हे पाठवते, आणि तुझं मशीनचं दुकान आमचंच गिऱ्हाईक. दुकान आम्हाला माहिती देतं: नाव, कोणता कान, मशीन कधी घेतलं. आमचा प्रोग्राम ती माहिती प्रत्येकाच्या लिंकच्या शेपटीला चिकटवतो. तू लिंक उघडलीस की शेपटीतलं तुझं नाव वर जाऊन बसतं आणि तुझा उजवा कान मधल्या वाक्यात. हजारो लोकांना असंच जातं. कोणाच्याही काही लक्षात राहत नाही. फक्त 'कसं चाललंय?' एवढे शब्द माझे. साहेबांना ते फार घरगुती वाटले होते. ते लिहिताना मात्र तूच डोळ्यांपुढे होतीस.

आता खरं ते लिहिते. तू एवढं कौतुक केलंस म्हणून मी तुझं उत्तर शोधून काढलं. असं करायचं नसतं. लोक दुकानाला सांगतात, मला नाही. पण म्हटलं, आपल्याच आजीचं तर आहे, आणि उघडलं.

आजी, तुझ्या नावापुढे सगळ्यात रडक्या तोंडाची खूण आहे. आणि चौकोनात लिहिलंय:

'आधी वाटायचं, घरात सगळे माझ्याशी बोलतात, मलाच ऐकू येत नाही. डाव्या कानात मशीन लावलं आणि कळलं, कोणी बोलतच नव्हतं. मशीन परत घेता का?'

मला पत्रात हसवतेस आणि तिथे परक्यांना हे लिहितेस? चहाबिहा काही नव्हता त्यात. मशीन घे म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. त्या दिवशी मला काम सुचलं नाही. संध्याकाळी आईला फोन केला आणि जरा जास्तच बोलले.

खरं काय ते मला लिही. रागावणार नाही.

चिंगी


१९ मार्च

चिंगे,

तरीच! तरीच म्हटलं सूनबाईला झालंय काय! पाच-सहा दिवस झाले, ती माझ्याशी बोलते आहे ती बोलतेच आहे. सकाळी उठल्याबरोबर 'आई, झोप लागली का?' दात घासता घासता 'आई, आज कसं वाटतंय?' ऑफिसला जाताना दारातून परत येऊन 'आई, काही बोलायचंय का?' काल मी मशीन काढून उशीखाली ठेवलं. आणि तुझा बाप! त्याने कधी नाही ते माझ्याशेजारी बसून मला हवामानाचा अंदाज वाचून दाखवला. गरीब माणूस, त्याला दुसरं काही सुचेना.

आधी त्या दोघांची माफी माग. घरी माझ्याशी लोक पुरेसं बोलतात, आणि नाही बोलले तर मी बोलते, माझं अडलंय का?

हे मी लिहिलेलं नाही गं. चहाचं विचारलेलं मला पक्कं आठवतं. आणि डाव्या कानात मशीन? माझा डावा कान त्यातल्या त्यात शाबूत आहे, त्याच्यावर तर मी वरच्या मजल्यावरची भांडणं ऐकते. मशीन उजव्याला. तूच त्या लिंकच्या शेपटीला उजवा कान बांधलास आणि तूच विसरलीस. असू दे, माणूस घाबरला की असंच होतं. माझ्यासाठी घाबरलीस, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग माझ्या नावावर हे लिहिलं कोणी? भुताला कशाला लागतं कानाचं मशीन?

तुझं ते वाक्य मी सारखं वाचते आहे. 'मशीन परत घेता का?' लिहिणाऱ्याला तेव्हा कसं वाटलं असेल. मला सांग, माझं पत्र दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर गेलं, तर काय होतं? कारण मी ते बाकावरच्या तिघांनाही पाठवलं होतं. दाखवीन म्हटलं होतं, पण कोणाचाच चष्मा जागेवर नव्हता. मग मास्तरांनी बोट कुठे दाबायचं ते शिकवलं आणि मी पाठवून दिलं. म्हटलं, घ्या, तुम्हीही उत्तरं द्या, पोरीला बरं वाटेल.

आजी


२४ मार्च

आजी,

आई-बाबांची माफी मागितली. आई म्हणाली, 'माफी राहू दे, आता त्यांना थांबव. मी एकदा विचारलं तर त्या तासभर सांगतात.'

तू विचारलंस तेच झालंय. लिंक म्हणजे शाळेतल्या पोरीचा नाव घातलेला कोट समज. तो कोणीही अंगात घालो, नाव तुझंच दिसणार. त्या तिघांनी तुझी लिंक उघडली, तेव्हा त्यांनाही वर तुझंच नाव दिसलं असणार, उजवा कानही तुझाच. आणि नवीन उत्तर आलं की आधीचं पुसलं जातं. तुझं चहाचं पुसलं गेलं. आणखी कोणी लिहिलं असेल तर तेही. सगळ्यात शेवटी ज्यांनी लिहिलं, त्यांचं राहिलं.

चूक माझी. एकदा उत्तर दिलं की लिंक बंद व्हावी अशी सोय असते. ती मी लावली नव्हती. कोणी आपली लिंक दुसऱ्याला पाठवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चांगली गोष्ट वाटून खाणारी माणसं आमच्या हिशेबात नव्हती.

आजी, हे कोणी लिहिलं ते शोधू नकोस. त्या माणसाने ते दुकानाला सांगितलं होतं. मी तुला सांगायलाच नको होतं, मी तुझंच समजून चुकले. आता तू चौकशी करत फिरलीस तर त्या माणसाला वाटेल आपली चारचौघांत शोभा झाली.

शोधू नकोस. पण त्या माणसाला एकटंही सोडू नकोस. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते मला माहीत नाही.

चिंगी


२ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र आल्यापासून मी तोंडात मूग धरून बसले. मूग धरले म्हणजे शोधलं नाही असं नाही. नुसतं बघत होते. बघायला काही कोणाची परवानगी लागत नाही.

मास्तरांच्या दोन्ही कानांना मशीन. ते सुटले. डाव्या कानाच्या दोघी, पोस्टवाली आणि शिवणवाली. मला वाटलं पोस्टवालीच. एकटी राहते, नवरा गेला, लेक लांब. तिच्याकडे गेले, आपलं सहज. दार उघडेपर्यंत आतून तीन वेळा 'आले आले' ओरडली. मी हळूच विचारलं, 'काय गं, दिवसभर घरात कोणी बोलायला नाही, कंटाळत असशील?' तर म्हणाली, 'कंटाळते कसली? तीस वर्षं खिडकीपलीकडून लोकांनी डोकं खाल्लं माझं. आता कुठे शांतता मिळाली तर तू आलीस!' आणि चहा टाकला. मला म्हणते, तुझ्या त्या पत्राला मी पाचवं तोंड दाबलं, चौकोन बघितला नाही. चौकोन आपण कामावर असताना पुष्कळ भरले.

मग राहिली शिवणवाली. चिंगे, तिच्यावर माझा संशय जाणंच शक्य नव्हतं. तिचं घर म्हणजे नांदतं घर. मुलगा, सून, दोन नातवंडं, सुनेची बहीण शिकायला राहिलेली. दारात चपलांचा ढीग. मी तर तिला नेहमी म्हणायचे, 'तुझं बरं आहे बाई, भरलेलं घर!' ती हसायची. कपड्याच्या कारखान्यात तिने काजं केली आयुष्यभर, आणि तशीच आहे, बारीक, नीट, कुठे धागा दिसायचा नाही.

परवा दुपारी गेले तिच्याकडे. पायजम्याला नाडी घालून हवी असं निमित्त केलं. सगळे घरात होते, सुट्टी होती. आणि मी बसले बघत.

अगं, काय गलका! टीव्ही, पोरं, मोबाइल. हा त्याला ओरडतोय, ती हिला. शिवणवाली मधोमध खुर्चीत. तिच्या डोक्यावरून आवाज जात होते, जसे काही तारेवरून कपडे ओढावेत. नातू आला, तिच्या मांडीवरचा रिमोट घेतला आणि गेला. मुलगा आला, खुर्चीमागची चार्जरची वायर काढली आणि गेला. कोणी वाईट नाही हं! सूनही गुणाची. गरम चहा आणला, बशीत बिस्किटं. आणि मला विचारते, 'यांना आता साखर चालते का हो?'

मला विचारते! ती बाई माझ्याशेजारी बसलेली, कानात मशीन, डोळे उघडे. मी म्हटलं, 'त्या इथेच बसल्यात की. त्यांनाच विचार.' सून एकदम गोंधळली. वळून म्हणाली, 'आई, साखर?' आणि शिवणवाली म्हणाली, 'एक चमचा.' बास. एवढंच. पण तिने ते 'एक चमचा' असं म्हटलं जसं कोणी तिला गावची पाटीलकी विचारली आहे.

मी तुझं ऐकलं, काही विचारलं नाही. पण ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथे आपणच थांबली. म्हणाली, 'तुला कळलंय ना?'

मी म्हटलं, 'काय कळलंय? मला कुठे काय कळतं?' मला खोटं बोलता येत नाही, मान हलली असणार.

ती म्हणाली, 'माझं पत्र मुलाच्या मोबाइलवर आलं होतं. त्याने मला विचारलंसुद्धा नाही. हसरं तोंड दाबलं आणि मोकळा झाला. मी बघत होते. मग तू पाठवलंस. वर तुझं नाव होतं. म्हणून लिहिता आलं बघ. माझं नाव असतं तर हात धजला नसता. म्हटलं, हिच्या नावावर खपून जाईल, ही काय, वाटेल ते बोलणारी बाई.'

मी हसले. ती पण हसली. मग म्हणाली, 'आणि खरं सांगू? तू रोज बोलतेस, मला आवडतं. पण तू पण कधी विचारत नाहीस.'

चिंगे, तिचं खरं होतं. बाकावर ती माझ्याशेजारी किती दिवस बसते आहे, आणि मला तिच्या सुनेच्या बहिणीचा अभ्याससुद्धा माहीत आहे, पण तिला रात्री झोप येते का ते माहीत नाही. मी तिथेच जिन्यात बसले. तिलाही बसवलं. म्हटलं, 'बरं, कसं चाललंय?' तुझेच शब्द वापरले हो. आणि गप्प बसले. अवघड आहे बाई गप्प बसणं! मी दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला होता. पण ती बोलली. पहिल्यांदा थांबत थांबत, मग शिलाई मशीन चालावं तशी. खालून वर येणाऱ्यांना आम्ही पाय बाजूला घेऊन वाट देत होतो.

तुझी आजी


८ एप्रिल

आजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. साहेबांना सगळं सांगितलं, नावं न घेता. मी एका माणसाचं उत्तर उघडून वाचलं हेही सांगितलं. ते रागावले, रागवायलाच हवं होतं. मग म्हणाले, आता नीट कर.

केलं. लिंक आता एकदाच चालते. नाव नको असेल तर ते काढून उत्तर देता येतं, तशी ओळ सगळ्यात वर टाकली. आणि ज्यांचा नंबर मुलांचा आहे, त्यांना वेगळं पत्र जातं. 'ही चौकशी तुमच्या आईसाठी आहे. कृपया फोन त्यांच्या हातात द्या.' वडील असतील तर वडील. दुकानाच्या कागदांत नातं लिहिलेलंच होतं, आम्ही ते कधी वापरलं नव्हतं. या आठवड्यात सगळ्यांना परत जाईल.

त्यांचं जुनं उत्तर अजून तुझ्या नावावर आहे. ते तसंच राहिलं तर दुकानवाले तुला फोन करतील, मशीन परत न्यायला येऊ का म्हणून. पुसू का? माझ्या मनाने पुसणार नाही. त्यांनाच विचार.

इथे सगळं ठीक. ऑफिसात शांतता असते, सगळे कानात घालून गाणी ऐकतात. काल शेजारच्या मुलीला म्हटलं, 'कशी आहेस?' तिने एका कानातलं काढून विचारलं, 'काही काम होतं का?' मी म्हटलं, नाही, सहज. जेवते मी नीट.

चिंगी


१७ एप्रिल

चिंगे,

दुकानवाल्याचा फोन येऊन गेला! तुझं पत्र हातात पडायच्या आधीच. मला निम्मं ऐकू आलं. मी म्हटलं, मशीनला हात लावाल तर याद राखा. घाबरून ठेवला त्याने.

शिवणवालीला विचारलं, पुसायचं का? तिने चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाली, 'पुसायला सांग. आता माझ्या नावाने लिहिलंय.'

कसं ते ऐक. तुझं नवीन पत्र तिच्या मुलाच्या मोबाइलवर आलं. फोन त्यांच्या हातात द्या, असं छापील सांगितल्यावर करतो काय! दिला. आणि स्वतःचाच मोबाइल आईच्या हातात, त्यामुळे त्याला दुसरं काही करताही येईना. बसला शेजारी. ती एकेक अक्षर शोधून दाबते आहे, काजं करावीत तशी, आणि हा वाट बघतोय. चौकोनाशी आल्यावर तर तिने अर्धा तास लावला. शेवटी त्याने विचारलं, 'आई, एवढं काय लिहितेस गं?'

ती म्हणाली, 'बस, सांगते.'

आणि तो बसला. तिने सांगितलं. काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, बघ, सुधारतेय मी. त्या चौकोनात काय आहे ते तूही उघडून बघू नकोस. एवढंच म्हणाली, सांगून झाल्यावर तो उठून गेला, आणि तिला वाटलं, झालं, दुखावला. तर जाऊन टीव्ही बंद करून परत आला. घर काही एका दिवसात बदलत नाही. नातू अजून रिमोट ओढतो. पण ती ओढू देत नाही आता, म्हणते, 'आधी सांग, शाळेत काय झालं?' मशीन ठेवलंय तिने. डाव्या कानात. मी बाकावर तिच्या डावीकडे बसते आता. रोज एक प्रश्न विचारते आणि कठडा नाही म्हणून बाकाची फळी धरते.

आता तुझं. माझ्या नावावरचं ते वाचून तुला काम सुचेना झालं, असं तू लिहिलंस. माझ्या काळजीनेच झालं, मला ठाऊक आहे. पण पोरी, तुझी मागची पत्रं आज सगळी काढून बघितली. माझा कान, माझी झोप, आई-बाबा, साहेब. तुझं म्हणून त्यात 'जेवते मी नीट' एवढंच. आणि त्या कानात घालून बसणाऱ्या मुलीचं. शिवणवालीचं केलं तसंच मी तुझंही केलं. बोलत सुटले, विचारलं नाही.

तर आता विचारते. वर नाव तुझंच घातलंय, चुकून दुसऱ्या कोणाला गेलेलं नाही. कसं चाललंय? आणखी काही सांगायचं आहे का?

खाली कागद कोरा सोडला आहे. हाच परत पाठव. अर्धं पान आहे, आणि माझा स्वभाव बघता ते कोरं सोडायला मला काय पडलं असेल ते तूच समज.

आजी